लातूरच्या माळावरचं डावं वळण

अकरावीच्या जुलैत मी पळायला लागले, ते वजन कमी करायला. उमरग्याची मावशी आली होती आणि ती माझ्याबद्दल आईला कानडीत काहीतरी म्हणाली. आईचं माहेर सीमेवरचं, त्यामुळं खासगी बोलायचं झालं की दोघी बहिणी कानडीत शिरतात. मला कानडी बोलता येत नाही, पण कळतं सगळं. हे मावशीच्या लक्षात राहत नाही. आई "साकु, साकु" म्हणाली, म्हणजे पुरे, आणि तिनं विषय बदलला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या क्रीडा शिक्षिकेकडं जाऊन पळण्याच्या क्लबात नाव दिलं.

मॅडमनी कारण विचारलं नाही. माझ्या बुटांकडं बघून म्हणाल्या, "यात घोटा मुरगळेल. दुसरे घे आणि उद्या साडेपाचला गेटवर ये."

क्लब म्हटलं तर क्लब, नाहीतर पहाटे कॉलेजच्या गेटवर जमणारी आम्ही पंधरा-वीस पोरंपोरी. मॅडम साताऱ्याकडच्या. स्वतः एके काळी चांगल्या पळायच्या, मग गुडघा गेला. आता त्या स्कूटीवरून आमच्या मागं यायच्या. स्कूटीचा ब्रेक कर्कश वाजायचा, त्यामुळं त्या किती मागं आहेत हे मान न वळवता कळायचं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की आपण मैदानात गोल गोल पळणार नाही. आपला खेळ क्रॉस कंट्री. शेतातून, बांधावरून, ओढ्यातून, चढावरून, जशी जमीन येईल तसं पळायचं.

कळंबच्या आसपास जमीन बऱ्याच तऱ्हेची येते. जुलैत काळ्या मातीचा चिखल बुटाला धरायचा आणि दर दहा पावलांवर पाय जड व्हायचा. ऑगस्टमध्ये रानात सोयाबीन, म्हणून फक्त बांधावरून, एकामागं एक. दसऱ्यानंतर सोयाबीन निघालं की रान मोकळं व्हायचं, पण धसकटं घोट्याला लागायची. मग उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आणि मॅडमनी डांबरी रस्ता बंद केला. मांजरा नदीच्या काठानं एक गाडीवाट होती, ती आमची झाली. रविवारी येरमाळ्याच्या डोंगरावर चढ. चढाच्या दिवशी कुणी कुणाशी बोलायचं नाही.

मी मंद होते, पण थांबत नव्हते. हळूहळू मुलींमध्ये माझा तिसरा नंबर पक्का झाला. तिसरी म्हणजे फार काही नाही. पहिल्या दोघी इतक्या पुढं असायच्या, की माझ्यापुढं बहुतेक वेळ रिकामी वाट आणि लांब दोन ठिपके. त्यातली एक मुलगी उंच, लांब टांगा टाकणारी. दुसरी सोनारीची.

तिला सगळे सोनारीचीच म्हणायचे. गाव परंड्याकडं, शाळेसाठी कळंबला मामाकडं राहायला आलेली. अंगानं काटकुळी, चालताना जरा वाकून चालायची, पण पळताना सरळ व्हायची. एकदा मी तिला विचारलं, पळायला कुठं शिकलीस.

"भैरोबाच्या देवळात," ती म्हणाली. "आमच्याकडं माकडं लई. नारळ घेऊन देवळातनं निघालं की मागं लागत्यात. घरापतुर नारळ पोचला तर पोचला."

"खरं?"

"मग. नारळ मोठा का माकड मोठं, काय बघायचं न्हाय. मागं वळलं की गेला नारळ."

हे खरं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. पण मागं वळून न बघणं खरं होतं. मी तिला शर्यतीत मान वळवताना कधी पाहिलं नव्हतं.

जिल्ह्याची स्पर्धा आम्ही सहज जिंकलो, कारण मुलींचे संघच मोजके आले होते. क्रॉस कंट्रीत संघाचा हिशेब असा असतो की सहा जणी पळतात, त्यातल्या पहिल्या चौघींचे नंबर धरून बेरीज करतात. ज्यांची बेरीज सगळ्यात कमी, तो संघ पहिला. म्हणजे पहिली मुलगी कितीही जोरात पळाली तरी चौथी रेंगाळली की सगळं गेलं. मॅडम हे दर आठवड्याला सांगायच्या आणि सांगताना आम्हा मागच्या चौघींकडं बघायच्या.

विभागाची स्पर्धा डिसेंबरात लातूरच्या बाहेर एका माळावर होती. आम्ही आदल्या दिवशी दुपारीच पोचलो. मॅडमनी आम्हाला सबंध वाट चालवली. जमिनीवर चुन्याची रेघ आणि वळणावर लाल झेंड्या. सोनारीची आणि उंच मुलगी पुढं गप्पा मारत चालल्या होत्या. घायपाताचं कुंपण लागलं तिथं वाट डावीकडं वळत होती आणि बरोबर तिथंच माझ्या बुटातून काटा आत आला. मी तिथल्या दगडावर बसले, बूट काढला, काटा निघेना. घायपाताच्या पानाचं टोक वापरून तो काढला. तोवर बाकीच्या बऱ्याच पुढं गेल्या होत्या. मी समोर बघितलं तर सरळ एक पायवाट खाली विहिरीकडं जात होती आणि डावीकडं चुन्याची रेघ. मी रेघेनं पळत जाऊन त्यांना गाठलं. यापलीकडं त्या संध्याकाळचं काही आठवत नाही.

सकाळी थंडी होती आणि पोरींची गर्दी. शिट्टी झाली. सुरुवातीला कोपर लागणं, कुणाचा तरी बूट निसटणं, हे सगळं झालं आणि मग रांग लांबत गेली. पहिला फेरा सगळ्यांनी झेंड्या आणि वळणावरच्या माणसाच्या हाताकडं बघत नीट पुरा केला. दुसऱ्या फेऱ्यात मी साधारण मध्ये होते. आमच्या संघातल्या बाकी तिघी माझ्या मागं. पुढं खूप जणी आणि सगळ्यांच्या पुढं सोनारीची. निळ्या टी-शर्टमुळं ती लांबूनही दिसत होती.

घायपाताच्या कुंपणापाशी मी पोचले तेव्हा तिथं झेंडी नव्हती. पाण्याचा टँकर मधल्या वेळात त्या वळणावरून गेला होता. चाकांनी चुना पार पुसला होता, झेंडी चिखलात आडवी पडली होती. वळणावर उभा राहणारा माणूस थोडं लांब, टँकरचा पाइप सरळ करायला मदत करत होता. आणि माझ्या पुढच्या सगळ्या जणी डावीकडं न वळता सरळ, विहिरीकडच्या पायवाटेनं उतरत चालल्या होत्या. एकामागं एक पाठी.

मी ओरडले, "डावीकडं! ए, डावीकडं वळा!"

अंतर बरंच होतं, पण माझा आवाज मोठा आहे. तेव्हा पहिल्यांदा सोनारीच्या मुलीनं मान वळवली. एक क्षण बघितलं आणि आणखी जोरात पळाली.

मला शंका आली. इतक्या जणी चुकतील कशा? दुसऱ्या फेऱ्याला वाट बदलली असेल आणि मलाच ठाऊक नसेल. पण घायपात तेच होतं आणि मी जिथं बसले होते तो दगडही तोच होता. मी डावीकडं वळले. पाठीमागं पावलांचा आवाज काही क्षण विस्कटला, मग माझ्या मागं लागला. माझ्या पुढच्या साऱ्या त्या वाटेनं गेल्या, माझ्या मागच्या साऱ्या माझ्या वाटेनं आल्या.

तिथून शेवटपर्यंत माझ्यापुढं कुणी नव्हतं. पळताना समोर एखादी पाठ असली की तिच्याकडं बघून वेग ठरतो. ती नसली की नुसता श्वास ऐकू येतो. मला भीती वाटली ती मागच्यांची. माझ्यापेक्षा मंद मुली माझ्या मागं, आणि त्यांनी मला गाठू नये म्हणून मी पळत होते. शेवटच्या रेघेवर बसलेले पंच माझ्याकडं बघण्याऐवजी माझ्या मागं बघत होते, अजून कुणीतरी खरी यायची आहे असं. मग त्यांच्यातल्या एकानं माझ्या हातात पहिल्या नंबरची चिठ्ठी दिली.

माझ्या मागं आमच्या संघातल्या तिघी लवकरच आल्या. पुढं गेलेल्या मुली बऱ्याच वेळानं ज्वारीच्या रानातून, शेवटच्या रेघेच्या उलट्या बाजूनं आल्या. विहिरीपाशी वाट संपली तेव्हा त्यांना कळलं होतं.

मग मांडवात बराच गोंधळ झाला. शेजारच्या जिल्ह्याचे एक सर टेबलावर हात आपटत होते. त्यांच्या चांगल्या मुली सगळ्या विहिरीकडं गेलेल्या. त्यांचं म्हणणं, शर्यत परत घ्या. आयोजक म्हणत होते, ठरलेली वाट ज्यांनी पुरी केली त्यांचे नंबर. आमच्या मॅडम टेबलापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "सरांचं बरोबर आहे. परत घ्या."

ते सर थांबले. "मॅडम, तुमचा संघ पहिला येतोय. तुमची मुलगी पहिली आहे."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तरी परत घ्या."

आमच्यातली एक हळूच म्हणाली, "आता परत? मला तर उलटी होईल." मलाही तसंच वाटत होतं. शेवटी आयोजकांनी ऐकलं नाही. ऊन चढलं होतं, मुलांच्या शर्यती राहिल्या होत्या, लांबच्या गावांच्या गाड्या सुटायच्या होत्या. निकाल तसाच राहिला. मी पहिली. आमचा संघ पहिला, आमच्या मंद चौघींच्या बेरजेवर. आणि संघ पहिला म्हणजे संघातल्या सहाही जणी राज्यस्पर्धेला जाणार. त्यात सोनारीची आणि उंच मुलगीही आली.

बक्षिसं झाली, मुलांच्या शर्यती झाल्या. मांडववाले दोऱ्या सोडायला लागले. आम्ही उपमा खात होतो. सोनारीची काही खात नव्हती. ती उठली, बुटाच्या नाड्या पुन्हा आवळल्या आणि मॅडमपुढं उभी राहिली.

"मॅडम, मी पळून येते."

"आता? कशाला?"

"पळायला आलते. पळणं झालंच न्हाय."

मॅडमनी तिच्या बुटांकडं बघितलं. मग विचारलं, "पाणी पिलीस का?"

"व्हय."

"मग जा."

ती सुरुवातीच्या रेघेवर गेली. रेघ अर्धी पुसली होती. शिट्टी नाही, कुणी नाही. मॅडमनी नुसता हात खाली केला आणि खिशातलं घड्याळ दाबलं. मी एका ट्रॉलीवर चढून बघत होते. माळावर ती एकटी निळी दिसत होती. तिनं दोन्ही फेरे पुरे केले. घायपाताच्या कुंपणापाशी कुणीतरी आता पुन्हा चुना ओतला होता. तिथून ती डावीकडं वळली. मांडववाल्यांपैकी दोघे काम सोडून बघत उभे राहिले, मग पुन्हा कामाला लागले. ती परत आली तेव्हा शेवटच्या रेघेवरची कमान काढून झाली होती. बांबूंचे नुसते खड्डे उरले होते. ती त्या दोन खड्ड्यांच्या मधून गेली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली.

मॅडमनी घड्याळ दाबलं, बघितलं आणि खिशात ठेवलं. तिनं वेळ विचारली नाही. मला विचारायची होती, पण माझ्या गळ्यात मेडल होतं.

परतीच्या जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मुरूड मागं पडलं. मग म्हणाली, "तुझी हाक ऐकू आलती मला."

"मग?"

"मला वाटलं, थांब म्हणतीयस."

"मी डावीकडं म्हणत होते."

"ते आता कळलं. तवा वाटलं, ही मागं राहिलीय, म्हणून हाक मारतीय. मी कशाला थांबू?" ती थोडं हसली. "पुढच्या बारीला हाक मारायची तर शिवी दे. म्हंजी वळते."

घरी वडील धान्याच्या मोंढ्यातून उशिरा आले. त्यांची तिथं आडत. ते हातपाय धुऊन जेवायला बसले तेव्हा आईनं मेडल त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं.

"पहिली?"

"पुढच्या सगळ्या वाट चुकल्या, अप्पा. नाहीतर मी मधेच कुठंतरी असते."

"तू न्हाय चुकलीस?"

"न्हाय."

"मग पहिलीच की," असं म्हणून ते भाकरी मोडायला लागले. दुसऱ्या दिवशी आडतीवर आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं आणि वाट चुकल्याचा भाग गाळला. संध्याकाळपर्यंत ते माझ्या कानावर आलं.

राज्यस्पर्धेला महिना होता. तुरीची रानं अजून उभी होती, म्हणून नदीकाठची तीच गाडीवाट. सोनारीच्या मुलीनं एक नवीन सुरू केलं. दर मंगळवारी ती मला पुढं घालायची आणि स्वतः मागं राहायची. मॅडमनी सांगितलं नव्हतं, तिचंच ते. "तुला पुढं पळायची सवय न्हाय," ती म्हणायची, "आन् मला मागं." मागून तिच्या पावलांचा आवाज यायचा, अगदी हलका. मी दमायला लागले की ती "चल, माकड आलं," म्हणायची. त्या महिन्यात माझा वेग जरा वाढला. फार नाही.

राज्यस्पर्धा नाशिकच्या बाजूला होती. थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. सुरुवातीच्या रेघेवर उभ्या असताना शेजारच्या संघातल्या एका मुलीनं विचारलं, "लातूर विभागात पहिली कोण आली?" ती धिप्पाड होती, पायात भारी बूट. आदल्या वर्षीची विजेती हीच, असं मॅडमनी आम्हाला दाखवलं होतं. मी हात वर केला. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिला काही समजेना, असं वाटलं.

शिट्टी झाली आणि ती मुलगी माझ्या शेजारी आली. मी बाजूला सरकले, ती सरकली. मी माझ्या नेहमीच्या वेगानं पळत होते आणि ती माझ्या खांद्याला खांदा लावून. मला वाटलं, हिचा पाय दुखत असेल. बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यात उजेड पडला. ती माझ्यावर नजर ठेवून होती. मी शेवटी जोर काढीन म्हणून माझी राखण करत होती. पुढं सोनारीची केव्हाच दिसेनाशी झाली होती.

पहिला फेरा संपताना त्या मुलीनं माझ्याकडं पुन्हा बघितलं. मी घामाघूम झाले होते, तोंड उघडं होतं. तिनं दात आवळून काहीतरी म्हटलं आणि अशी सुटली की माझ्या अंगावर माती उडाली.

त्या दिवशी सोनारीची तिसरी आली. विजेती तिच्या मागं, चौथी. शेवटच्या चढावर अंतर कमी होत होतं, असं मॅडम म्हणाल्या, वाट आणखी थोडी लांब असती तर तिसरा नंबर गेला असता. उंच मुलगी चांगल्या नंबरात आली. मी फार मागं होते, पण शेवटच्या टप्प्यात दोघींना गाठलं. संघ अधेमधे कुठंतरी राहिला. पाणी पिताना ती विजेती माझ्याकडं आली.

"तू खरंच पहिली आली होतीस?"

"हो," मी म्हटलं.

तिनं पुढं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सगळी गोष्ट सांगायला दम नव्हता. सोनारीच्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती गवतावर आडवी पडून हसली. मॅडमही हसल्या. त्यांना हसताना मी त्या हंगामात तेव्हाच पाहिलं.

राज्याच्या संघात तिची निवड झाली आणि राष्ट्रीय स्पर्धेआधी सरावासाठी त्यांना उत्तरेत डोंगरातल्या एका गावी नेलं. तिथून तिनं मला एक व्हिडिओ पाठवला. बर्फावर पायांना लांब पट्ट्या बांधून, हातात काठ्या घेऊन पोरं रांगेनं सरकत होती. खाली तिनं लिहिलं होतं, ह्येला पण क्रॉस कंट्रीच म्हणत्यात, बर्फावरची. रात्री फोन केला तर म्हणाली, "त्यांचं भारी आसतंय. बर्फात आधीच दोन खाचा पाडलेल्या आसत्यात, पाय त्यातनंच जातोय. चुकायचं कामच न्हाय."

"तू बघितलंस करून?"

"एका पोरीनं घालू दिल्या. लगीच पडले." मग म्हणाली, "मऊ आसतंय पडायला. आपल्या धसकटापरीस बरं."

राष्ट्रीय स्पर्धेत ती मधल्या घोळक्यात आली. परत आली तेव्हा तिच्या अंगात राज्याचं नाव लिहिलेला जाड ट्रॅकसूट होता. मार्चमध्ये, उन्हाचा चटका बसायला लागला तरी, ती तो घालून गेटवर यायची. स्पर्धेबद्दल फार बोलली नाही. पुढच्या मुली दिसायच्याच बंद झाल्या, एवढंच म्हणाली. तिच्या बाबतीत हे असं होऊ शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. तिलाही तेव्हाच समजलं असावं. पण सराव तिनं एकही दिवस चुकवला नाही.

मी आणखी एक वर्ष पळाले. विभागात पुन्हा गेलो, मी कितवी आले ते लक्षात नाही. बारावीच्या परीक्षेनंतर गेटवर जाणं थांबलं. ठरवून नाही. एक दिवस उठले नाही, दुसऱ्या दिवशीही उठले नाही. मी फार्मसी केली आणि आता मोंढ्याजवळ माझं औषधांचं दुकान आहे. मॅडमची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या सरांनी क्लब चालू ठेवलाय, पण पोरं जास्त करून मैदानावरच पळतात, भरतीच्या तयारीसाठी.

सोनारीची पोलिसात आहे. गेल्या उन्हाळ्यात ती कळंबच्या स्टँडवर दिसली, परंड्याची गाडी धरायची होती. गाडीला वेळ होता म्हणून आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. तिची ड्युटी, माझं दुकान, तिच्या मामाचं ऑपरेशन, असं बोलणं झालं. मी विचारलं, "पळतीस का अजून?"

"बंदोबस्तात उभंच ऱ्हावं लागतंय," ती म्हणाली. "पाय उभं राहूनच जात्यात." मग तिनं विचारलं, गुडघेदुखीवर काय चांगलं. मी एका मलमाचं नाव सांगितलं आणि पर्समध्ये नमुन्याची ट्यूब होती ती दिली. गाडी लागली. तिनं पिशवी उचलली, खिडकीची जागा मिळाली, आणि आतून ट्यूब वर धरून दिवसातून किती वेळा लावायची ते खुणेनं विचारलं. मी दोन बोटं दाखवली.